देश सोडताना पडत्या बाजारात फ्लॅट विकायचा, तर हिशेब कसा मांडायचा

समजा पुण्यात वाकडला तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ७० लाखांना घेतलेला. गृहकर्जाचे ३० लाख अजून फिटायचे आहेत. कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आली, डिसेंबर २०२५ मध्ये निघायचं ठरलं. फ्लॅट विकायला काढला तेव्हा मनात ९२ लाखांचा आकडा होता. तीन महिन्यांत मोजकी माणसं बघून गेली आणि नोव्हेंबरात एकाने ८१ लाख देतो म्हणून सांगितलं. मेहुणे म्हणतात, ‘घाई करू नका, तुम्ही निघा, आम्ही बघतो इथलं. पुढच्या जुलैपर्यंत ८५ कुठे जात नाहीत.’

८१ की ८५? प्रश्न असा मांडला की उत्तर सोपं वाटतं. चार लाखांसाठी आठ महिने कोण थांबणार नाही? गोम अशी की ८१ लाखांची विक्री इथे राहणारा माणूस करतो आणि ८५ लाखांची विक्री अनिवासी माणूस करतो. फ्लॅट तोच, मालक तोच, पण आयकर खात्याच्या लेखी हे दोन वेगळे विक्रेते आहेत. हा फरक रुपयांत किती होतो ते बघू. त्याआधी बाजाराबद्दल थोडं.

पडता बाजार आपल्याकडे दिसतो कसा

शेअर पडला की आकडा खाली आलेला दिसतो. घराचा भाव आपल्याकडे असा उघड पडत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, २०१७ मध्ये मे महिन्यात रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आणि जुलैमध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था कोसळली. त्या काळात ज्यांनी फ्लॅट विकायला काढले त्यांना आठवत असेल, बोर्डावरचे भाव फारसे हलले नव्हते. फोन यायचे थांबले होते. बिल्डर दर कमी करत नव्हते, मॉड्युलर किचन फुकट देत होते, स्टँप ड्यूटी स्वतः भरत होते, ताब्यापर्यंत हप्ता नको म्हणत होते. तो सगळा भावातलाच उतार होता, फक्त दुसऱ्या नावाने दिलेला. रिसेल विकणाऱ्याकडे असली सोय नसते. त्याच्याकडे कमी करायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे किंमत.

म्हणून आधी खरा भाव काढा. पोर्टलवर शेजारच्या विंगचा फ्लॅट ९५ लाखांना लागलेला दिसतो, तो भाव मागणाऱ्याचा आहे, मिळालेला नाही. आणि तो फ्लॅट अजून पोर्टलवर आहे याचाच अर्थ ९५ कुणी दिलेले नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्यात गाव आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, फुकट बघता येतो. तुमच्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात कोणता फ्लॅट किती रुपयांना नोंदला गेला, हे तिथे कळतं. काही व्यवहारांत रोखीचा भाग दडलेला असतो हे धरूनही, एजंटच्या ‘आरामात नव्वद’पेक्षा तो आकडा भरवशाचा.

आता पडत्या बाजारातली सगळ्यात महागडी सवय. बाजार ८६ चा आहे, तुम्ही ९२ मागता. दोन महिने कुणी फिरकत नाही, मग ८८ करता. तोवर बाजार ८४ वर आलेला असतो. तुम्ही ८५ वर याल तेव्हा तो ८२ वर गेलेला असेल. प्रत्येक वेळी तुम्ही किंमत कमी केलीत, पण एकदाही बाजारभावाला पोचला नाहीत. शिवाय सहा महिने लागून राहिलेल्या फ्लॅटकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं. पाण्याचा प्रॉब्लेम असेल, टायटलमध्ये काही असेल. चढत्या बाजारात जास्त मागून थांबणं चालून जातं, कारण बाजार स्वतःच तुमच्या आकड्यापर्यंत चढतो. उतरत्या बाजारात पहिल्याच दिवशी, शेवटच्या नोंदलेल्या व्यवहाराच्या किंचित खाली किंमत ठेवणारा बहुतेक वेळा जास्त पैसे घेऊन बाहेर पडतो. मनाला पटायला कठीण आहे, मान्य. आपल्या डोक्यात आपण भरलेले हप्ते असतात, लाकडी वॉर्डरोबचा खर्च असतो, आणि २०२३ मध्ये कुणीतरी बोलता बोलता सांगितलेला एक आकडा असतो. घेणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

निघण्याची तारीख मात्र त्याला माहीत होता कामा नये. घरात बांधलेले खोके दिसले आणि ‘आमचं चौदा तारखेचं तिकीट आहे’ असं कुणी बोलून गेलं की घासाघीस संपली. मग तो फक्त तेरा तारखेची वाट बघतो.

तारखेचा खेळ: निवासी कोण, अनिवासी कोण

इथे लेखाचा मुख्य भाग सुरू होतो, आणि थोडं लक्ष देऊन वाचावं लागेल.

‘एनआरआय’ आपण कधी होतो, याची भारतात दोन वेगळी उत्तरं आहेत. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, हेतू बघतो. नोकरीसाठी किंवा कायम राहण्यासाठी गेलात, की निघाल्या दिवसापासून तुम्ही फेमाच्या दृष्टीने अनिवासी. बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं ते यामुळे. आयकर कायदा मात्र दिवस मोजतो, आणि तेही पूर्ण आर्थिक वर्षाचे. त्या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही निवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२ दिवस २९ सप्टेंबरला भरतात.

यातून दोन चमत्कारिक गोष्टी निघतात. एक, डिसेंबरमध्ये विमानात बसलेला माणूस पुढच्या ३१ मार्चपर्यंत आयकरासाठी निवासीच असतो. त्याच्या वतीने फेब्रुवारीत इथे कुणी खरेदीखत नोंदवलं तरी ती निवासी माणसाची विक्री. दुसरी गोष्ट उलटी आणि जास्त धोक्याची. नोकरीसाठी जूनमध्ये देश सोडणारा माणूस मे महिन्यात, पुण्यात बसून, स्वतःच्या सहीने फ्लॅट विकतो. त्याला वाटतं आपण गेल्यावर थोडीच विकतोय. पण त्या वर्षातले त्याचे दिवस १८२ पेक्षा कमी भरतात, म्हणून पूर्ण वर्षासाठी तो अनिवासी ठरतो आणि मेमधली विक्रीही अनिवासीचीच धरली जाते. हे बऱ्याच जणांना रिटर्न भरताना कळतं. तेव्हा ज्यांना उन्हाळ्यात निघायचं आहे त्यांनी विक्री आधीच्या आर्थिक वर्षात, ३१ मार्चच्या आत उरकलेली बरी.

या फरकाची किंमत किती? २३ जुलै २०२४ पासून घरावरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याला १२.५ टक्के कर आहे आणि महागाईचा निर्देशांक लावण्याची सवलत गेली. त्यावर ओरड झाल्यावर सरकारने एक खिडकी उघडी ठेवली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर काढू शकतात, आणि दोन्हींपैकी जो कमी होईल तो भरू शकतात. अनिवासींसाठी ही खिडकी बंद आहे.

आपल्या फ्लॅटचं बघा. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२५-२६ चा ३७६. सत्तर लाखांची खरेदी निर्देशांकाने वाढवली की १०९ लाख ६७ हजार होते. विक्री ८१ लाखांची असो की ८५, निवासी माणसाला कर शून्य. (निर्देशांकाने दिसणारा हा तोटा पुढच्या वर्षांत ओढून कुठल्या दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, तेवढं डोक्यात ठेवा. कर शून्य होतो, बाकी काही मिळत नाही.) अनिवासी माणसाला ८५ वजा ७०, म्हणजे १५ लाखांवर १२.५ टक्के आणि त्यावर चार टक्के सेस. एक लाख ९५ हजार.

पण खरा फटका कराचा नाही, टीडीएसचा आहे, म्हणजे घेणारा पैसे देतानाच कापून सरकारजमा करतो त्या रकमेचा. विक्रेता निवासी असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का कापतो. ८१ लाखांवर ८१ हजार, रिटर्न भरला की परत. विक्रेता अनिवासी असेल तर घेणाऱ्याला भांडवली नफ्याच्या दराने कापावं लागतं, आणि विक्रेत्याने खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर व्यवहारात पूर्ण विक्री किमतीवर. पन्नास लाख ते एक कोटीच्या टप्प्यात अधिभार आणि सेस धरून हा दर १४.३ टक्के होतो. ८५ लाखांवर १२ लाख १५ हजार. देणं आहे जवळपास दोन लाखांचं आणि सरकारजमा होतात बारा लाखांच्या वर. उरलेले दहा लाख २० हजार परत मिळतात, पण विक्री जुलै २०२६ ची असेल तर ते आर्थिक वर्ष मार्च २०२७ मध्ये संपणार, त्यानंतर रिटर्न, त्यानंतर परतावा. म्हणजे दहा लाख वर्षभर किंवा जास्त अडकले, आणि तेही अशा वेळी जेव्हा टोरांटोत घरभाड्याचं डिपॉझिट भरायचं आहे.

आता मेहुण्यांचे ८५ पूर्ण मांडू. त्यातून कर १ लाख ९५ हजार गेला. ३० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज सुमारे १ लाख ७० हजार. मेंटेनन्स महिना चार हजार धरला तर ३२ हजार. उरले ८१ लाख ३ हजार. आणि नोव्हेंबरातला सौदा ८१ लाखांचा होता.

चार लाखांचे तीन हजार झाले. तेही जुलैमध्ये खरंच ८५ मिळाले तर. बाजार पडता आहे, हे आपण सुरुवातीलाच धरलेलं आहे.

माझं मत सांगतो. निघण्यापूर्वी विकण्यासाठी भावात पाच टक्क्यांपर्यंत खाली यावं लागलं तर ती सूट समजू नये, नंतर जे जाणारच होतं ते आधी दिलं असं समजावं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की मात्र गणित फिरतं, तिथे थांबून विचार करायला हवा. कर्ज नसेल तर ही सीमा आणखी अलीकडे येते, कारण व्याजाचा रकाना गळतो.

एक दुसरी बाजूही आहे. त्या वर्षी निवासी राहिलात तर त्याच वर्षातला परदेशातला पगारही भारतात रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दुहेरी करआकारणीचे करार असतात, तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण हे प्रकरण सीएकडून तपासून घ्यायचं. ऑक्टोबरमध्ये रुजू होऊन सहा महिने मोठा पगार घेणाऱ्याला केवळ फ्लॅटचे दोन लाख वाचवण्यासाठी निवासी राहणं महागात पडू शकतं. आणि सीएशी बोलताना कलमांच्या आकड्यांवर अडू नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली, तेव्हा अनिवासीच्या टीडीएसचं १९५ आणि घराच्या करसवलतीचं ५४ हे कलमांचे आकडे लोकांच्या तोंडी अजून असले तरी नव्या पुस्तकात ते त्या जागी सापडणार नाहीत.

घेणारा तुम्हाला का टाळतो

पडत्या बाजारात घेणाऱ्याला निवड असते. एकाच सोसायटीत सारखे दोन फ्लॅट, एकाचा मालक वरच्या मजल्यावर राहतो, दुसऱ्याचा मेलबर्नला. मेलबर्नवाल्याकडून घेताना टीडीएस चुकला तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं, व्याज आणि दंडासह. त्याचा वकील सांगतो, त्याची बँक सांगते, नको त्या भानगडीत पडू. कमी कपातीच्या प्रमाणपत्राला विक्रेता ऑनलाइन अर्ज करू शकतो, पण ते ठरलेल्या घेणाऱ्याच्या नावाने निघतं. म्हणजे आधी गिऱ्हाईक पक्कं करायचं, मग त्याला सांगायचं की महिना-दीड महिना थांब. चढत्या बाजारात तो थांबतो. पडत्यात समोरच्या विंगमध्ये जातो.

म्हणून अनिवासी झाल्यावर तुमचा भाव पडतो तो निम्मा बाजारामुळे आणि निम्मा या कागदांमुळे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

रेडी रेकनरची अडचण

बाजार खाली येतो तेव्हा सरकारी दर खाली येतातच असं नाही. महाराष्ट्रात रेडी रेकनरचे, म्हणजे मिळकतीच्या सरकारी मूल्याचे, दर सहसा १ एप्रिलला बदलतात. काही वर्षं ते तसेच राहिले आणि १ एप्रिल २०२५ ला वाढले. ज्या भागात प्रत्यक्ष भाव थंडावलेले आहेत तिथे सरकारी मूल्य सौद्याच्या वर जाऊ शकतं.

समजा तुमच्या फ्लॅटचं रेडी रेकनर मूल्य ९२ लाख निघालं आणि सौदा ८१ ला ठरला. स्टँप ड्यूटी ९२ वर लागेल. पुण्यात ती पुरुषांच्या नावावर सात टक्के आहे, भरतो घेणारा. पण गोष्ट तिथे थांबत नाही. आयकर कायदा दहा टक्क्यांचा फरक माफ करतो. ८१ अधिक दहा टक्के म्हणजे ८९ लाख १० हजार, आणि ९२ त्याच्या वर आहेत. मग तुमची विक्री ९२ लाखांना झाली असं धरून नफा काढला जातो, आणि घेणाऱ्याला मधले ११ लाख उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सव्वातीन लाखांचा अनपेक्षित कर. हे त्याला टोकन दिल्यावर कळलं की सौदा मोडतो. निवासी विक्रेत्याचं आपल्या उदाहरणात काही बिघडत नाही, कारण निर्देशांकाने खरेदी १०९ वर गेलेली आहे. घेणाऱ्याचं बिघडतं, आणि तोच निघून जातो.

उपाय दोन आहेत. सौदा मार्चच्या आसपास होत असेल तर साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नवे दर येण्याआधी करून काही रक्कम बँकेतून त्या दिवशी किंवा आधी घ्यायची. मग आयकरासाठी साठेखताच्या तारखेचं मूल्य धरता येतं. दुसरा उपाय, सरकारी मूल्य बाजारापेक्षा जास्त आहे असा आक्षेप करनिर्धारणाच्या वेळी घेऊन मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायला लावायचं. दुसरा मार्ग कायदेशीर आहे आणि लांबचा आहे. पहिला स्वस्त आहे.

घासाघीस अडली तर एक किरकोळ पण कामाची गोष्ट. महाराष्ट्रात खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत आहे. ८१ लाखांवर ८१ हजार. तुम्ही एक रुपयाही न सोडता समोरच्याला सुचवू शकता असा हा एकमेव मुद्दा.

रोख रक्कम

‘वीस लाख कॅश घ्या, मग ८५ करतो,’ असं कुणी म्हणेल. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी देश सोडणाऱ्याने त्या पैशाचं करायचं काय? बँकेत भरता येत नाही, बाहेर पाठवता येत नाही. इथे राहणारा त्यातून घराचं रंगकाम तरी करेल, तुमच्या ते उपयोगाचंही नाही.

पैसे बाहेर नेणं

अनेकांना वाटतं निघण्यापूर्वी सगळे पैसे पाठवून मोकळं व्हावं. निवासी माणसाला एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतलेली आगाऊ रक्कम, घेते. कर नव्हे तो, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. ५० लाख पाठवले तर आठ लाख अडकले. तेच पैसे निघाल्यावर एनआरओ खात्यातून पाठवले तर टीसीएस लागत नाही आणि मर्यादाही वर्षाला दहा लाख डॉलर. सीएचं प्रमाणपत्र लागतं, विक्रीचे आणि कर भरल्याचे कागद लागतात. म्हणून विकायचं निघण्याआधी आणि पाठवायचं निघाल्यानंतर, हा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. तातडीच्या खर्चापुरते दहा लाखांच्या आतले पैसे आधी न्यावेत.

रुपया हा यातला गप्प बसलेला भागीदार. ‘भाव परत येईपर्यंत थांबू’ म्हणणारा रुपयांत मोजतो. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉलर साठच्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या आसपास. सत्तर लाख तेव्हा १ लाख १५ हजार डॉलर होते, ८५ लाख दहा वर्षांनी एक लाखच. अमेरिकेला निघालेल्याच्या दृष्टीने त्या फ्लॅटची किंमत घटलेली आहे. कॅनडाचा डॉलर तेवढ्याच काळात पंचावन्नवरून साठच्या आसपास गेला, म्हणजे तिकडे जाणाऱ्याला हा फटका जवळपास नाही. आपण कोणत्या चलनात जगणार आहोत त्यात हिशेब करायचा.

आणि करसवलत मिळावी म्हणून तिकडे घर घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. घर विकून घर घेतल्याची सूट २०१४ च्या दुरुस्तीपासून भारतातल्या घरालाच मिळते. पन्नास लाखांपर्यंतचे पाच वर्षांचे भांडवली नफ्याचे रोखे मात्र अनिवासीलाही चालतात, विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात.

भाड्याने दिला तर

विकलंच पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. इथे राहत असताना घेतलेलं घर परदेशी गेल्यावर, अगदी नागरिकत्व बदललं तरी, ठेवता येतं. तेव्हा ‘नाहीतर सरकार घेईल’ असं सांगणाऱ्या काकांकडे दुर्लक्ष करा.

पण भाड्याचा आकडा बघा. ८५ लाखांच्या फ्लॅटला महिना २२ हजार मिळाले तर वर्षाला २ लाख ६४ हजार, जेमतेम तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, मधला एखादा रिकामा महिना. फ्लॅट पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल (वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं) तर मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत असते तीही भाड्याने दिल्यावर जाते. भाडेकरूने अनिवासी मालकाचा टीडीएस ३१.२ टक्क्यांनी कापायचा असतो, अगदी पहिल्या रुपयापासून. हे सांगितलं की निम्मे भाडेकरू पळतात. कर्जावर साडेआठ टक्के जात असताना तीन टक्के कमावणं म्हणजे उतार येतोय हे दिसत असताना थांबणं. कर्ज फिटलेलं आहे, आईवडील शेजारच्या इमारतीत आहेत, पाच वर्षांत परतायची शक्यता आहे, अशांनी मात्र खुशाल ठेवावं.

निघताना कागद

फ्लॅट न विकताच निघावं लागलं तर मुखत्यारपत्र इथेच करून जा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. महाराष्ट्रात आईवडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलगी अशा जवळच्या नातेवाईकाला, मोबदल्याशिवाय, विक्रीचे अधिकार देणारं मुखत्यारपत्र ५०० रुपयांच्या स्टँपवर होतं. तेच मित्राला दिलं तर खरेदीखताएवढी स्टँप ड्यूटी लागते. मेहुणे त्या यादीत बसतात की नाही हे वकिलाला विचारून घ्या, बहिणीच्या नावाने केलं तर प्रश्नच उरत नाही. परदेशात जाऊन करायचं ठरलं तर भारतीय दूतावासात किंवा अपॉस्टिल (परदेशी कागदावरचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का) करून करायचं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप भरायचा. मजकुरात फ्लॅट क्रमांक, विक्री, नोंदणी, बँक आणि आयकराची कामं स्पष्ट लिहा. पैसे मात्र तुमच्याच खात्यात येतील असं लिहा, नातं कितीही जवळचं असलं तरी.

बाकी फाइल निघण्यापूर्वी लावून ठेवा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराच्या पावत्या, आणि बँकेकडे कोणते मूळ कागद जमा आहेत त्याची बँकेने दिलेली यादी. सोसायटीचा ना हरकत दाखला उपविधींप्रमाणे विक्रीला लागत नाही, पण घेणाऱ्याची बँक मागते, तेव्हा वाद न घालता घ्यावा. हस्तांतरण शुल्क मात्र शहरात २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘डेव्हलपमेंट फंडा’च्या नावाने दोन लाख मागणाऱ्या सेक्रेटरीला ९ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय दाखवायचा.

कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला कायमचं जाणाऱ्याने आणखी एक कागद करावा. या दोन्ही देशांत तुम्ही निवासी झालात त्या दिवसाच्या बाजारभावाला तुम्ही ते घर घेतलं असं तिथला करकायदा धरतो. म्हणून पोचण्याच्या तारखेचं नोंदणीकृत मूल्यांकनकाराचं पत्र हवं. नंतर त्याहून कमी भावात विकलंत तर भारतात नफा आणि तिकडे तोटा, असा प्रकारही होऊ शकतो. अमेरिकेत ही सोय नाही, तिथे २०१४ चीच किंमत चालते. पण विक्रीआधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असाल तर अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा तिथे करमुक्त असतो, आणि घर पुण्यात असलं तरी चालतं. म्हणजे अमेरिकेला गेलेल्याने घर सोडल्यापासून तीन वर्षांत विकलेलं बरं.

आणि भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. आयकराच्या पोर्टलवर, बँकेत, आधारवर तोच आहे, आणि परताव्याचे दहा लाख त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीमागे अडलेले असू शकतात.